हिरवळीवरचा ईस्टर : बेलव्ह्यूतील एका घरगुती सणाचा इतिहास

ईस्टर हा ख्रिस्ती वर्षातील सर्वांत जुना आणि धर्मदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा सण. क्रुसावर मरण पावलेला येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत झाला या श्रद्धेवर तो उभा आहे, आणि मराठी ख्रिस्ती समाज त्याला पुनरुत्थानाचा सण म्हणूनच ओळखतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटलच्या समोर, लेक वॉशिंग्टन या सरोवराच्या पूर्व काठावर वसलेल्या बेलव्ह्यू शहरात मात्र त्या रविवारी सकाळी घरोघर जे चाललेले असते, त्यात या श्रद्धेचा उच्चार असेलच असे नाही. दोन-तीन वर्षांची मुले हातात टोपली घेऊन दिवाणखान्यात किंवा परसातल्या गवतावर लपवलेली रंगीत अंडी हुडकत असतात, आणि ती रात्री सशाने आणून ठेवली, असे त्यांना सांगितलेले असते. या प्रकाराकडे मूळ सणाची बाजारू, पातळ झालेली आवृत्ती म्हणून पाहण्याची रीत आहे. पण इतिहास तपासला तर तिला फारसा आधार मिळत नाही. घरातल्या ईस्टरची वंशावळ बरीचशी स्वतंत्र आहे. तो घरातच, लहान मुलांसाठी आणि पुष्कळदा धर्मसंस्थेच्या नाराजीला न जुमानता घडत गेला, आणि घरटे, रंग, गवत, पोकळ अंडे ही त्याची साधने त्या त्या काळी घरात काय उपलब्ध होते व त्या वयाच्या मुलाला काय झेपत होते, यावरून ठरत गेली.

प्रथम तिथीचा विचार करणे सोयीचे ठरेल, कारण मराठी वाचकाला ती वाटते तितकी परकी नाही. सर्व ख्रिस्ती प्रदेशांनी हा सण एकाच रविवारी पाळावा, असे सन ३२५ मध्ये निकिया येथील धर्मपरिषदेने ठरवले. पुढे पाश्चात्त्य चर्चमध्ये जो नियम स्थिरावला त्यानुसार २१ मार्च हा वसंतसंपात धरून त्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, आणि म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही पडू शकतो. ही पौर्णिमा बहुधा फाल्गुनाची किंवा चैत्राची असते, म्हणजे ईस्टर साधारणतः होळीच्या नाहीतर हनुमान जयंतीच्या पाठोपाठ येतो : २०२३ मध्ये हनुमान जयंती ६ एप्रिलला होती आणि ईस्टर ९ एप्रिलला, तर २०२४ मध्ये होळीपौर्णिमेनंतरच्या रविवारी, ३१ मार्चला, ईस्टर झाला. बेलव्ह्यूसारख्या पावसाळी गावात या महिनाभराच्या फरकाला व्यावहारिक महत्त्व असते. मार्चअखेरचा ईस्टर पुष्कळदा ओल्या गवतामुळे घरातच करावा लागतो, एप्रिलअखेरचा परसात जाण्याची शक्यता अधिक.

अंड्याचा संबंध उपवासाशी आहे. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मध्ययुगीन युरोपात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत, परंतु कोंबड्यांना हा नियम लागू नसल्यामुळे अंडी साठत जात, आणि सणाच्या दिवशी ती उकडून, रंगवून, वाटून टाकणे हा त्या साठ्याचा सरळ उपयोग होता. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या दरबारी हिशेबात १२९० मध्ये ईस्टरसाठी ४५० अंड्यांवर १८ पेन्स खर्च झाल्याची नोंद सापडते. ती रंगवून किंवा सोन्याचा वर्ख लावून दरबारातील मंडळींना वाटण्यात आली. येथपर्यंत सशाचा पत्ता नाही, आणि लहान मुलांचाही नाही. दोघे एकदमच दिसू लागतात ते सतराव्या शतकातील जर्मन भाषक मुलखात : वैद्य गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाउ यांच्या नावावर असलेल्या १६८२ च्या लॅटिन निबंधात अल्सेस आणि आसपासच्या प्रदेशातील एक समजूत नोंदवली आहे, ती अशी की ईस्टरचा ससा बागेतल्या गवतात अंडी लपवतो आणि मुले ती शोधून काढतात. निबंध वैद्याचा असल्यामुळे मुलांच्या गमतीपेक्षा अति अंडी खाण्याने होणाऱ्या पोटाच्या तक्रारींकडे त्याचे लक्ष अधिक आहे, आणि ईस्टरसंबंधी मुलांच्या आयांना दिल्या जाणाऱ्या आरोग्यविषयक इशाऱ्यांची परंपराही सशाइतकीच जुनी आहे, हे त्यावरून लक्षात येते.

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्यांनी हा ससा अटलांटिकपार नेला. त्यांची मुले आदल्या रात्री टोपीचे किंवा बॉनेटचे, म्हणजे हनुवटीखाली बांधायच्या बायकी टोपीचे, घरटे करून ते गोठ्यात किंवा घराच्या एखाद्या कोपऱ्यात ठेवत. मूल गुणी असेल तर ससा त्यात रंगीत अंडी घालून जाई, असे त्यांना सांगितले जाई. योहान कॉनराड गिल्बर्ट या शाळामास्तराने १८०० च्या सुमारास अंड्यांची टोपली नेणाऱ्या सशाचे काढलेले रंगीत चित्र अमेरिकेतील या सशाच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी मानले जाते. आज दुकानात मिळणारी टोपली हे त्या टोपीचेच पुढले रूप, आणि टोपलीत पसरलेले हिरव्या कागदाचे किंवा प्लास्टिकचे गवत म्हणजे त्या घरट्यातल्या काडीकचऱ्याची जागा घेणारी वस्तू.

त्याच काळात अमेरिकेच्या ईशान्य भागात, न्यू इंग्लंडमध्ये, ईस्टर मुळात पाळलाच जात नव्हता. तेथील प्युरिटन पंथीय, म्हणजे बायबलात स्पष्ट आज्ञा नसलेला प्रत्येक विधी त्याज्य मानणारे सुधारक, सणवारांनाच संशयाने पाहत. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ मध्ये नाताळ व तत्सम सण पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदा झाला होता, आणि तो १६८१ पर्यंत टिकला. या परंपरेचे वारस म्हणजे काँग्रिगेशनल पंथ, ज्यात प्रत्येक स्थानिक मंडळी आपला कारभार स्वतः चालवते, आणि या पंथाशी महाराष्ट्राचा संबंध जवळचा आहे : गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईस उतरलेले अमेरिकन मिशनरी याच परंपरेतले होते, आणि त्यांच्या कार्यातून वाढलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे मांडले. पुढे नारायण वामन टिळक याच मिशनच्या वर्तुळात वावरले. त्या पहिल्या मिशनऱ्यांच्या पेटाऱ्यात ईस्टरचे रंगीत अंडे असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. ते घेऊन येणे त्यांना मूर्तिपूजेच्या जवळ जाणारे वाटले असते. वसईची गोष्ट निराळी, कारण १५३४ पासून पोर्तुगीज सत्तेखाली गेलेल्या त्या पट्ट्यात कॅथलिक पंथ रुजला आणि त्याने सणांचे पंचांग आपल्याबरोबर आणले. आजही वसईच्या आणि वांद्र्याच्या घरांत ईस्टरला मुलांच्या हाती पडते ते साखरेच्या नक्षीचे मार्झिपॅनचे अंडे, म्हणजे काजूच्या किंवा बदामाच्या पिठीत साखर मळून साच्यात बसवलेली मिठाई. ते शोधावे लागत नाही. मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, आटोपून आल्यावर वडीलधारे ते हातात देतात.

काँग्रिगेशनल मंडळींचे मन बदलले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने घरोघर मृत्यू आणला, पुनरुत्थानाच्या आशेला नवा अर्थ आला, आणि प्रॉटेस्टंट चर्चे ईस्टरला फुलांनी सजू लागली. बेलव्ह्यूतील पहिले काँग्रिगेशनल चर्च १८९६ मध्ये स्थापन झाले तोवर जुना विरोध मावळला होता. दरम्यान मुलांच्या सणाला राजधानीतही जागा मिळाली होती, तीही एका भांडणातून : वॉशिंग्टनमधील मुले ईस्टरच्या सोमवारी संसदभवनाच्या उतारावरून उकडलेली अंडी गडगडवत, त्यात हिरवळ खराब होते म्हणून १८७६ मध्ये संसदेने त्या आवारात खेळण्यास बंदी करणारा कायदा केला, आणि १८७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रदरफर्ड हेज यांनी व्हाइट हाउसचे अंगण मुलांना खुले करून दिले. संसदेने गवताची बाजू घेतली आणि अध्यक्षांनी पोरांची, असा हा प्रसंग आहे.

स्वयंपाकघरातला बदल याहून खोल गेला. १८८० च्या दशकात न्यू जर्सीतील नेवर्क येथील औषधविक्रेते विल्यम टाउनली यांनी अंड्यांसाठी रंगाच्या पाच सेंटच्या पुड्या विकायला काढल्या, आणि पुढे पास या नावाने त्यांचा देशभर खप झाला. त्याआधी कांद्याच्या साली, बीट, पालक यांच्या काढ्यात अंडी उकळावी लागत, म्हणजे चूल, उकळते पाणी आणि मोठ्या माणसाचा हात यांवाचून काही होत नसे. नव्या पुडीमुळे अंडी आधी उकडून गार करता येऊ लागली आणि रंग पेल्यातल्या कोमट पाण्यात चढवता येऊ लागला. या कृतीतले रसायन साधे आहे. अंड्याचे कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असून त्यावर प्रथिनांचा एक पातळ थर असतो. पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातले की आम्लामुळे त्या प्रथिनांवर धनभार येतो आणि ऋणभारित खाद्यरंग त्यांना धरून बसतो. व्हिनेगर विसरले तर रंग फिका आणि ठिपक्याठिपक्यांचा येतो. अंडे फार वेळ बुडवून ठेवले तर कवचातून बारीक बुडबुडे निघू लागतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. दोन वर्षांच्या मुलाला यात जमते ते एवढेच की तारेच्या वळवलेल्या पळीवर ठेवलेले अंडे पेल्यात सोडायचे. ते बहुधा वरून पडते, तळाशी आपटून तडकते, आणि त्या तडीतून शिरलेला निळा किंवा जांभळा रंग सोललेल्या पांढऱ्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या रेघा उमटवतो. टेबलावर वर्तमानपत्र आणि मुलाच्या अंगावर जुना शर्ट, ही व्यवस्था कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नसूनही सर्वत्र सारखी आढळते.

आता बेलव्ह्यूच्या भूमीकडे वळायला हवे, कारण तेथील ईस्टर ज्या हिरवळीवर होतो ती हिरवळ जुनी नाही. १८६९ मध्ये सिएटलमधील विल्यम मेडेनबाउअर या जर्मन बेकरीवाल्याने आज त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपसागराकाठी जमीन घेतली. त्याच्याबरोबर ससाही आला असेल असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. मोठी झाडे तोडून झाल्यावर बुंध्यांनी भरलेली जी जमीन उरली, ती विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत जपानी स्थलांतरितांनी खणून, बुंधे उपटून लागवडीखाली आणली आणि तेथे स्ट्रॉबेरी पिकवली. १९२१ च्या राज्य कायद्याने त्यांना जमीन विकत घेण्यास आणि खंडाने करण्यासही मनाई केली, कारण संघराज्याचा कायदा त्यांना नागरिकत्वच देत नव्हता. तरी अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणून नागरिक असलेल्या मुलांच्या नावे किंवा मध्यस्थांमार्फत शेती चालू राहिली, आणि १९२५ पासून भरणारा बेलव्ह्यूचा स्ट्रॉबेरी महोत्सव आसपासच्या गावांत नावाजला. येथे एप्रिल हा स्ट्रॉबेरीच्या फुलोऱ्याचा आणि खुरपणीचा महिना, त्यामुळे ईस्टर शेतकऱ्यांच्या कामाच्या ऐन गर्दीत पडे. मर्सर स्लू या पाणथळ भागात विंटर्स कुटुंब डॅफोडिल आणि आयरिसचे कंद पिकवत होते. १९२९ मध्ये बांधलेले त्यांचे स्पॅनिश धाटणीचे घर अजून उभे असून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आहे. ईस्टरच्या टेबलावर पिवळा डॅफोडिल ठेवण्याची रीत या भागात इतकी सहज का वाटते, हे अशा कंदशेतीमुळे समजते.

१९४२ साली ईस्टर ५ एप्रिलला होता. त्यापूर्वी १९ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना हलवण्याचा अधिकार लष्कराला दिला होता, ३० मार्चला सिएटलपलीकडच्या बेनब्रिज बेटावरील कुटुंबे बोटीत चढवली गेली होती, आणि बेलव्ह्यूतील कुटुंबांना मे महिन्यात, पीक हाताशी आलेले असताना, कॅलिफोर्नियातील छावण्यांकडे नेण्यात आले. महोत्सव बंद पडला. युद्धानंतर थोडीच कुटुंबे परतली, आणि ती परतेपर्यंत जमिनीचे मोल बदललेले होते, कारण २ जुलै १९४० रोजी सरोवरावर तरंगता पूल खुला झाला होता आणि बेलव्ह्यू सिएटलपासून मोटारीने काही मिनिटांवर आले होते. १९४६ मध्ये केम्पर फ्रीमन यांनी बेलव्ह्यू स्क्वेअर हे खरेदीसंकुल उघडले. त्यांचे वडील मिलर फ्रीमन हे जपानीविरोधी चळवळीचे राज्यातील प्रमुख पुरस्कर्ते होते. १९४९ मध्ये पुलावरचा टोल उठला. शेतांचे प्लॉट पडले, आणि ज्यांनी बुंधे उपटून ती जमीन सपाट केली होती त्यांच्या वाफ्यांवर इतरांच्या मुलांसाठी गवत लावले गेले. उपनगराच्या इतिहासात हे सहसा प्रगती या सदराखाली येते.

बेलव्ह्यूला शहराचा दर्जा मिळाला तो ३१ मार्च १९५३ रोजी, मंगळवारी, आणि त्यानंतरचा पहिलाच रविवार, ५ एप्रिल, हा ईस्टरचा होता. लोकसंख्या होती सुमारे ६,०००. योगायोगाने त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महायुद्धापासून बंद असलेला व्हाइट हाउसमधील अंडी गडगडवण्याचा खेळ पुन्हा सुरू केला, आणि त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातील जस्ट बॉर्न या मिठाई कंपनीने रॉडा ही दुसरी कंपनी विकत घेतली, जिच्या कारखान्यात मार्शमॅलोची पिवळी पिल्ले हाताने, पिळणीने एकेक काढली जात आणि एका पिल्लाला सुमारे २७ तास लागत. नव्या मालकांनी यंत्र बसवून हा वेळ सहा मिनिटांवर आणला. तरुण जोडपी, लहान मुले, स्वतःचे परस आणि मोटारीच्या अंतरावर दुकान, या सगळ्याची जुळणी झाल्यावर आजच्या रूपातला ईस्टर सिद्ध झाला. कपड्यांच्या व्यापारानेही त्याला हातभार लावला होता. नुकत्याच चालू लागलेल्या मुलांसाठी वेगळी मापे आणि वेगळा विभाग ही डिपार्टमेंट स्टोअरनी, म्हणजे एका छपराखाली अनेक खात्यांचा माल विकणाऱ्या मोठ्या दुकानांनी, १९३० च्या दशकात रुजवलेली कल्पना होती, आणि ईस्टरचे नवे कपडे हे तिच्या विक्रीचे एक मोठे निमित्त ठरले. बेलव्ह्यू स्क्वेअरमध्ये सिएटलच्या फ्रेडरिक अँड नेल्सन या दुकानाची शाखा पहिल्यापासून होती.

यानंतरचा इतिहास मुख्यतः अंडे खाण्याजोगे राहिले नाही याचा आहे. दोन भागांत उघडणारे प्लास्टिकचे पोकळ अंडे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वत्र पसरले, कारण ते फुटत नाही, सडत नाही, ओल्या गवतात ठेवता येते आणि वर्षानुवर्षे पिशवीत भरून ठेवता येते. त्यामुळे प्रश्न आत काय घालायचे याकडे सरकला. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांत घशात अडकतील असे बारीक भाग असू नयेत, हा संघराज्याचा नियम १९८० पासून अमलात आहे. त्याच्या चाचणीसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात, आणि जी वस्तू तिच्यात पूर्ण मावते ती नापास होते. घेवड्याच्या दाण्याएवढी जेलीबीन ही गोळी खाद्यपदार्थ असल्याने या नियमात येत नाही, पण बालरोगतज्ज्ञ ती या वयाला देऊ नये असेच सांगतात. त्याहून कडक आहे १९३८ चा अन्न व औषध कायदा, ज्यात मिठाईच्या आत न खाण्याजोगी वस्तू पुरण्यास बंदी आहे. युरोपातील मुलांचे लाडके, पोटात खेळणे असलेले चॉकलेटचे किंडर अंडे त्यामुळे अमेरिकेत कधीच विकता आले नाही. भारतातील किराणा दुकानांत कधीचे लटकत असलेले किंडर जॉय, ज्यात खेळणे आणि खाऊ वेगवेगळ्या पुडीत असतात, ते अमेरिकेत २०१८ च्या सुमारास पोहोचले. जिवंत पिल्ले रंगवून मुलांना भेट देण्याची एक जुनी प्रथाही अनेक राज्यांनी बंद केली, आणि पाच वर्षांखालील मुलांनी कोंबडीची पिल्ले हाताळू नयेत, त्यातून साल्मोनेला या जंतूचा संसर्ग होतो, असे सरकारी आरोग्य यंत्रणा दर वसंतात बजावते. फ्रांकेनाउंना यात नवल वाटले नसते.

मराठी कुटुंबे या हिरवळीवर आली ती बरीच उशिरा. मायक्रोसॉफ्ट १९७९ मध्ये बेलव्ह्यूला आली आणि १९८६ मध्ये शेजारच्या रेडमंडला गेली. १९९० च्या स्थलांतर कायद्याने तंत्रज्ञांसाठीच्या एच-१बी परवान्याची घडी बसवली, आणि पुढच्या तीन दशकांत पुण्या-मुंबईची अनेक कुटुंबे सरोवराच्या पूर्व काठी वसली. सिएटल महाराष्ट्र मंडळ गणेशोत्सव, दिवाळी, गुढीपाडवा यांची व्यवस्था पाहते, आणि बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २००७ चे अधिवेशन सिएटललाच भरले होते. २०२० च्या जनगणनेत बेलव्ह्यूची लोकसंख्या १,५१,८५४ भरली, आणि तिच्यात आशियाई वंशाच्या लोकांचा वाटा मोठा होता. ईस्टर हा मात्र मंडळाचा सण नव्हे. तो घरात शिरतो तो पाळणाघराच्या वाटेने, कारण मूल दोन वर्षांचे झाले की तेथून कागदी ससा आणि रंगीत कापसाचे पिल्लू घेऊन येते, आणि मग अंडी शोधायला शेजारी बोलावतात तेव्हा नाही म्हणण्याचे कारण उरत नाही. या सणाने येथे येईतो धर्माची अट इतकी सैल केलेली असते की हिंदू कुटुंबाला त्यात अडचण वाटत नाही; आजी-आजोबा सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेले असतील तर तेही खुर्चीत बसून अंडे कुठे लपले आहे ते नातवाला डोळ्यांनी खुणावतात. अंडे न खाणाऱ्या घरांची सोय प्लास्टिकने आयतीच केलेली आहे. मराठी ख्रिस्ती कुटुंबांना मात्र या दिवसात दोन वेगळे सण एकत्र बसवावे लागतात : सकाळी उपासना, जिच्यात तीन वर्षांचे मूल तासभर गप्प बसावे अशी अपेक्षा असते, आणि मग परसातला शोध, ज्याची त्यांच्या नगरच्या किंवा वसईच्या आजोळी कुणाला सवय नाही.

खऱ्या अंड्यांचा हिशेब शेवटी स्वयंपाकघरातच होतो. उकडलेले अंडे दोन तासांपेक्षा अधिक काळ फ्रिजबाहेर राहिले तर खाऊ नये, असा अमेरिकी कृषी खात्याचा नियम असल्यामुळे जाणती घरे लपवण्यासाठी प्लास्टिकची आणि खाण्यासाठी रंगवलेली अंडी अशी विभागणी करतात, आणि शेजारच्या अमेरिकन घरांत दुसरीतून सँडविचचे सारण होते. मराठी घरांत ती बहुधा सोमवारी रश्श्यात पडतात. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजल्यावर पांढऱ्यावरचा निळा, जांभळा रंग बराचसा झाकला जातो, आणि जो राहतो त्यावरून आपले अंडे कोणते, हे ताटाशी बसलेले मूल अचूक ओळखते.